चरोदा नावाची रिकामी जागा

भागीरथा : ‘भागी, चालू लाईनवरची वस्तू ओढायची नाई. आधी विचारायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं, मंगच हात लावायचा.’ चाळीस वर्षं हेच बोलत आले तुहे आबा. कान किटले होते माहे. अन् शेवटी म्या ओढलीच, संघू.

संघमित्रा : काय ओढलंस, आजी? नीट सांग ना. फोन स्पीकरवर ठेवलाय का? आवाज गुफेतून आल्यासारखा येतोय.

भागीरथा : स्पीकरवरच हाय. कॉम्प्युटरपाशी बसली आहो. पेन ड्राईव्ह ओढली. आबाची, काळ्या दोऱ्याची.

संघमित्रा : चालू असताना?

भागीरथा : चालू असताना. आज आठ दिवस झाले. कोनाले बोलली नाई. तुह्या मायलेबी नाई.

संघमित्रा : तरीच मम्मी म्हणत होती, आजी दो रोटी भी नहीं खा रही. मला वाटलं गर्मीमुळे.

भागीरथा : सारं गेलं, पोरी. चरोदा नावाचं फोल्डर उघडून पाह्यलं. एक बी फाईल नाई त्याच्यात. पुसून काढल्यावानी. एकोणनव्वद दिवस खोकत खोकत बसून वाचलं त्यायनं, पंजाबरावसाठी, अन् माह्या एका झटक्यात गेलं. उद्या आषाढी पुनव. वर्षावास लागते, तीन महिने रोज ग्रंथाचं वाचन. पंजाबरावले दिसत नाई, सकाळपासून कान लावून बसतीन तिकडं त्यायच्या गावी, चरोद्याले. काय सांगू मी त्यायले?

संघमित्रा : थांब. आधी रडणं थांबव, मग मला सगळं लाईनीनं सांग. मागच्या रविवारी मीच जोडून दिली होती ना ती ड्राईव्ह? आणि म्हटलं होतं, तुझं रेकॉर्डिंग झालं की आबांच्या डायरीतलं दुसरं पान करायचं?

भागीरथा : तू स्टेशनवर गेली अन् मी वाचाले बसली. नव्वदावा दिवस. पंधरा दिवस घोकला होता तेवढाच भाग. तुले ठाऊक हाय, मले वाचनं तुह्या आबानं शिकवलं, तेबी पोरं झाल्यावर. बोट ठेवल्याशिवाय ओळ दिसत नाई. तरी वाचलं. पुरं वाचलं. ‘सेव्ह’ दाबलं. स्क्रीनवर झालं म्हनून आलं. घड्याळात पाहते तं सहाले दोन कमी.

संघमित्रा : आणि सहाची वंदना.

भागीरथा : तेवीस वर्षात एक दिवस चुकली नाई. म्हटलं दुसरं पान मंग करू. पन ड्राईव्ह अशी लटकत ठेवाची भीती वाटली, कोनाचा धक्का लागन. म्हनून ओढून डब्यात ठेवली अन् गेली बाजूच्या विहारात मेणबत्ती लावाले.

संघमित्रा : दोन मिनिटं, आजी. फक्त दोन मिनिटं थांबली असतीस.

भागीरथा : बोल, तूबी बोल. त्यायची डायरी समोरच हाय. पह्यल्या पानावर ‘जोडणे’, दुसऱ्यावर ‘सोडणे’, अन् त्याच्याखाली दोन लाल रेघा. मिलमधी इलेक्ट्रिशियन होते, जिथं हात घालत तिथं आधी आपल्या नावाचा टॅग टांगत. काम झालं का स्वतःच काढत. दुसऱ्यानं काढला तं मानूस मरते, म्हनत. अन् घरात त्यायचाच टॅग म्या तोडला.

संघमित्रा : बरं, आता मला एक सांग. ते रिकामं फोल्डर पाहिलंस, तेव्हा ड्राईव्ह जोडली होतीस?

भागीरथा : लावली ना खाचेत. दिवा बी लागला.

संघमित्रा : खाचेत लावणं वेगळं, आजी, जोडणं वेगळं. पहिल्या पानावरचं काही टाईप केलंस?

भागीरथा : ते तं तू केलतं रविवारी. एकदा केलं का पुन्हा पुन्हा करा लागते?

संघमित्रा : दरवेळी. आपल्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे ना, त्यात पेन ड्राईव्हला स्वतःचं वेगळं दार नसतं. घर एकच. घरात एक खोली रिकामी ठेवायची, आणि सांगायचं, ही पाहुणी त्या खोलीत बसव. मग तिच्यातलं सगळं त्या खोलीत दिसतं. पाहुणी गेली की खोली परत रिकामी. दुसऱ्यांकडे हे आपोआप होतं. आबांनीच मला बंद करायला लावलं. बोले, माणसानं सांगितल्याशिवाय काही चालू व्हायला नको.

भागीरथा : म्हंजे आवाज त्या फोल्डरात नव्हताच?

संघमित्रा : कधीच नव्हता. आबा होते तेव्हाही नव्हता. चरोदा ही फक्त जागा आहे.

भागीरथा : मंग मी आठ दिवस रिकाम्या खोलीपुढं बसून रडली?

संघमित्रा : हो.

भागीरथा : तू हसून राहिली का?

संघमित्रा : नाही गं. थोडी. पण हे बघ, आत काय उरलंय ते मला पण माहीत नाही अजून. ओढल्यावर काहीतरी बिघडू शकतं. म्हणून हळू जाऊ. ड्राईव्ह लाव. काळी खिडकी उघड आणि पहिल्या पानावरची पहिली ओळ टाईप कर.

भागीरथा : एल, एस, बी, एल, के. त्यायनं अक्षरं केवढी मोठी काढली माह्यासाठी. थांब, बी कुठं गेलं... सापडलं. एंटर दाबू?

संघमित्रा : दाब. काय आलं?

भागीरथा : एसडीए. तिच्याखाली दोन पोरी. मंग एसडीबी, तिच्याखाली एकच.

संघमित्रा : एसडीए म्हणजे आपलं घर. तिला आज हात नाही लावायचा. एसडीबीच्या बाजूला आकडा काय?

भागीरथा : चौदा पॉइंट नऊ.

संघमित्रा : तीच आबांची. बस, जिवंत आहे, कॉम्प्युटर ओळखतोय तिला. शेवटच्या रकान्यात काही लिहिलंय?

भागीरथा : एसडीएच्या पुढं लिहिलं हाय. इच्या पुढं कोरं.

संघमित्रा : कोरं म्हणजे आली आहे, पण उंबऱ्यावर उभी आहे. कोणी आत नाही घेतलं.

भागीरथा : आठ दिवस झाले, माय माही. अन् मले वाटलं मेली.

संघमित्रा : आता दुसरी ओळ. पण त्यात माउंटच्या पुढे मी सांगते ते घाल. आडवी रेघ, ओ, मग जागा सोडून आर, ओ. त्याचा अर्थ फक्त बघायचं, आत काहीच हलवायचं नाही.

भागीरथा : दर्शन.

संघमित्रा : दर्शन. पुढे डायरीत आहे तसंच, एसडीबी वन आणि शेवटी चरोदा.

भागीरथा : ... झालं. पासवर्ड मागून राहिलं. टाकते. संघू, काहीच उमटून नाई राहिलं. कळफलक बिघडला का?

संघमित्रा : पासवर्ड दिसत नाही. टिंब पण नाही दिसत. तू टाकत जा, तो घेतोय.

भागीरथा : न दिसता घेते?

संघमित्रा : न दिसता घेतो. आणि आकडे जोरात बोलू नको.

भागीरथा : आबाचा मिलमधला टोकन नंबर हाय तो. साऱ्या रुआबांधा वस्तीले पाठ असन. टाकला. एंटर. काहीच बोललं नाई वो.

संघमित्रा : तक्रार असती तर बोललं असतं. हे असंच आहे, काम झालं की गप्प बसतं.

भागीरथा : तुह्या आबासारखं.

संघमित्रा : आता त्या खोलीत जा. तिसरी ओळ, सीडी वाली. मग एलएस.

भागीरथा : गेली. एल, एस. एंटर... संघू.

संघमित्रा : काय झालं? आजी? हॅलो?

भागीरथा : भरली. खोली भरली. एक, दोन, तीन, चार... पान भरून खाली उतरून राहिले नंबर. आत्ता काहीच नव्हतं वो इथं. तीच जागा, तेच नाव. म्या काईच आनलं नाई, नुसतं सांगतलं, अन् सारे येऊन बसले.

संघमित्रा : शेवटचा नंबर काय?

भागीरथा : नव्वद. माहंबी हाय.

संघमित्रा : नुसत्या नावावर विश्वास नको ठेवू. आधी आबांची ऐक एक. माऊसनं फोल्डर उघड, एकोणनव्वद दाब.

भागीरथा : एकोणनव्वद नको. पह्यली ऐकते.

संघमित्रा : का?

भागीरथा : तीन दिवसांनी गेले ते. त्या दिवसाचा आवाज मी ऐकला नाई. मी भाजी आनाले गेली होती अन् त्यायनं एकट्यानं बसून केलं.

संघमित्रा : शेवटची जास्त बिघडलेली असू शकते, आजी. तीच तपासायला पाहिजे. मी आहे ना फोनवर.

भागीरथा : ... दाबली.

देवाजीचा आवाज : पंजाबराव, देवाजी वाचून राहिला. बसले का नीट? पाठीले उशी घ्या. आज एकोणनव्वदावा दिवस. आवाज बसला, माफी असावी. उद्याचं भागी वाचन. ती हळू वाचते, तुमी घाई करू नका. बोट ठेवून वाचते, म्हनून एक बी शब्द तिच्याकडून सुटत नाई. माह्याकडून गंज सुटले. बरं, ऐका.

सुनिता : आई. आई, हा बाबांचा आवाज कुठून आला? मी पोळी तव्यावर तशीच सोडून आली.

भागीरथा : सुनिता, खाली बस.

सुनिता : मोबाईलमधून?

भागीरथा : नाई. चरोद्यातून.

संघमित्रा : मम्मी, गॅस बंद करून ये पहले.

सुनिता : तू बी आहे का फोनवर? दोघी मिळून काय चालवलं तुम्ही? आठ दिवस या घरात सुतक असल्यासारखं होतं, आणि मला कोणी एक शब्द सांगितला नाही.

भागीरथा : सांगन तुले. सारं सांगन. जा, पोळी पाहून ये. संघू, तू ऐकलं का ते काय म्हनले?

संघमित्रा : ऐकलं.

भागीरथा : त्यायनं आधीच सांगून ठेवलं पंजाबरावले. मले विचारलं बी नाई. माह्या वाचन्याची तारीफ तोंडावर कदी केली नाई, अन् तिथं करून ठेवली.

संघमित्रा : आता नव्वद दाब, आजी.

भागीरथा : दाबली... चालत नाई. पुन्हा दाबली. शून्य दाखवून राहिलं.

संघमित्रा : साईज पण शून्य?

भागीरथा : शून्य. नाव हाय, अंदर काईच नाई.

संघमित्रा : तेच झालं. आबांचं सगळं आधी लिहून झालं होतं, म्हणून वाचलं. तुझं शेवटचं होतं. कॉम्प्युटर ‘झालं’ म्हणतो ना, तेव्हा त्यानं ते हातात घेतलेलं असतं, ड्राईव्हवर ठेवलेलं नसतं. सवडीनं ठेवतो. म्हणून जाताना सांगावं लागतं की हातातलं सगळं खाली ठेव, मी निघतेय. दुसरं पान तेच आहे. तू त्याच्या हातातून ओढून घेतलंस.

भागीरथा : पंधरा दिवसाची मेहनत.

संघमित्रा : सॉरी, आजी.

भागीरथा : सॉरी कायची? एकोणनव्वद वाचले. माहं गेलं तं गेलं. चूक ज्याची, नुकसान त्याचं. बरंच झालं एका अर्थी.

सुनिता : बरं कसं झालं? नव्वदाव्या दिवशी पंजाबराव काका काय ऐकतील? बाबांनी शब्द दिला होता त्यांना, माझ्यासमोर दिला. ‘मी असो का नसो, तुमचं वाचन चुकणार नाही.’ काकांचे डोळे काचबिंदूनं गेले, त्याच साली दिलेला. त्याआधी पंचवीस वर्षं काकांनीच विहारात वाचलं अन् आपण ऐकलं.

भागीरथा : तू वाचशील का, सुनिता? तू शिकलेली हाय. भरभर वाचशील.

सुनिता : मी वाचेन. पण आत्ता बाबा काय बोलले ते मी दारातून ऐकलं, आई.

संघमित्रा : आजी, ते नंतर ठरव. आधी आबांच्या सगळ्या फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घे. एकाच ड्राईव्हवर ठेवणं बरोबर नाही. मी शब्द सांगते, मम्मी, तू टाईप कर.

सुनिता : सांग... झालं. दिवा लुकलुकतोय ड्राईव्हचा.

संघमित्रा : लुकलुकू दे. काळ्या खिडकीत परत ओळ येईपर्यंत कोणी हात लावू नका.

भागीरथा : एकोणनव्वद दिवस उतरून राहिले. एवढ्या नखभर वस्तूतून. अन् याच घरात ऐकू यावा तेवढाबी आवाज होत नाई.

सुनिता : आली ओळ.

संघमित्रा : आता ऐकायची खिडकी बंद करा आणि आजी, तू तुझ्या हातानं दुसरं पान कर. यू माउंट, आणि पुढे चरोदा.

भागीरथा : यू, एम... केलं. एंटर. हे बोललं, संघू. या वेळेस बोललं.

संघमित्रा : काय बोललं? मम्मी, वाचून दाखव.

सुनिता : टार्गेट इज बिझी.

भागीरथा : म्हंजे?

संघमित्रा : म्हणजे अजून कोणीतरी आत बसलंय. कोणी आत असेल तर तो सोडत नाही.

भागीरथा : हे बरं हाय. मानूस आत असताना लाईन सोडत नाई. मिलमधी बी तसंच. पन कोन हाय आत? ऐकाची खिडकी तं बंद केली.

संघमित्रा : आठव बरं. मघाशी खोलीत जा म्हटलं, तेव्हा कोण गेलं होतं?

भागीरथा : म्या गेली.

संघमित्रा : बाहेर आलीस?

भागीरथा : ... नाई.

संघमित्रा : तूच आहेस, आजी.

भागीरथा : मीच बसली अंदर. अन् मीच बाहेरून दार लोटून राहिली.

सुनिता : आई, पाणी देऊ?

भागीरथा : नाई. थांब जरा. ते चाळीस वर्षं बोलले अन् मले समजलं नाई, या मशीननं एका ओळीत सांगतलं. संघू, बाहेर कसं याचं?

संघमित्रा : सीडी. नुसतं सीडी, पुढे काही नको. आपल्या घरी येशील.

भागीरथा : सी, डी. एंटर. आली. आता पुन्हा यू माउंट, चरोदा. एंटर.

संघमित्रा : काय बोललं?

भागीरथा : काईच नाई.

संघमित्रा : झालं मग.

भागीरथा : चरोद्यात डोकावून पाहू?

संघमित्रा : पाहा.

भागीरथा : रिकामं. साफ रिकामं. आज भेव नाई वाटत.

संघमित्रा : ओढल्यामुळे ड्राईव्हच्या नोंदी थोड्या विस्कटल्या असतील. त्या सारख्या करायची एक कमांड आहे, मम्मीच्या मोबाईलवर पाठवते. दोन मिनिटांत होईल. मग साधं माउंट करायचं, दर्शन वालं नाही, म्हणजे लिहिता येईल. पण आजी, नव्वदाव्याचं काय ठरलं? उद्या सकाळच्या लोकलनं तू चरोद्याला निघणार. एकोणनव्वद दे, उरलेलं आश्विन पुनवेच्या आधी पाठवू, असं पण चालेल. तीन महिने आहेत.

भागीरथा : पुनवेले पुरं देईन म्हनून शब्द हाय. अर्धं घेऊन जानार नाई. अन् त्या मानसानं रेकॉर्डात नाव घेतलं माहं. आता दुसऱ्यानं वाचलं तं पंजाबराव आवाजावरून ओळखतीन. डोळे गेले, कान नाई गेले.

सुनिता : मागच्या खेपेला किती वेळ लागला होता?

भागीरथा : सव्वा तास.

सुनिता : आता सव्वापाच. म्हणजे साडेसहा. आई, सहाची वंदना मध्येच येते. जेवणं झाल्यावर वाचा.

भागीरथा : रात्री डोळे चालत नाई माहे, अक्षरावर अक्षर चढते. उजेड हाय तोवरच.

सुनिता : मग सहाला उठा, परत बसा.

भागीरथा : मधातून उठली म्हनूनच तं हे झालं. आज मेणबत्ती तू लाव, बेटा. मी इथूनच हात जोडन. तेवीस वर्षं मी गेली तिथं, आज तिथलं इथं येऊ दे.

संघमित्रा : नक्की, आजी?

भागीरथा : नक्की. अन् वाचून झालं का यू माउंट मी करन. तुमी कोनी नाई. ते काईच बोलनार नाई तोवर मी हात लावनार नाई, रात्रीचे आठ वाजले तरी.

संघमित्रा : मी फोन चालू ठेवू का?

भागीरथा : नको. तुहा आवाज मधात येईन. ठेव आता. अन् काकडी खात जा, होस्टेलचं तिखट सोसत नाई तुले. जय भीम.

संघमित्रा : जय भीम, आजी.

सुनिता : कमांड झाली, आई. माउंट तुम्ही करता?

भागीरथा : मीच करते... बोललं नाई काई. चला. दार लोटून घे, सुनिता. अन् पंखा बंद कर, त्याची खरखर येते.

सुनिता : उकडेल तुम्हाला.

भागीरथा : उकडू दे. त्यायनं बी बंदच केला होता.

(सुनिता पंखा बंद करून, दार लोटून बाहेर गेली. भागीरथाबाईंनी ग्रंथ उघडला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि लाल बटण दाबलं.)

भागीरथा : पंजाबराव, भागीरथा वाचून राहिली. बसले का नीट?